टाकीतले देव

आमचं घर भोपाळच्या अशोका गार्डनमध्ये, रेल्वेलाइनपासून फार लांब नाही. मालगाडी जायला लागली की गल्लीतले लोक वाक्य अर्ध्यावर थांबवतात आणि शेवटचा डबा गेल्यावर पूर्ण करतात. मी थांबत नाही. मला तशी कधी गरज पडली नाही. मी मुलींच्या शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते. शेजारच्या वर्गात हिंदी शिकवणाऱ्या बाई एकदा स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आपकी मेहरबानी से हमारी लड़कियों का भी बीजगणित पक्का हो गया है।" ही तक्रार आहे असं मी मानलंच नाही.

अशा बाईच्या गळ्यात गाठ निघाली.

एका बारशाला निघताना मंगळसूत्राची कडी लावत होते, तेव्हा बोटाला लागली. सुपारीएवढी, न दुखणारी. तपासण्या झाल्या. थायरॉइडची गाठ होती. सुईने घेतलेल्या नमुन्यात वाईट काही दिसलं नाही, पण वाढते आहे तेव्हा काढलेली बरी, असं सर्जनबाईंचं म्हणणं पडलं. त्या वयाने माझ्याहून लहान आणि बोलायला स्पष्ट. मी प्रश्न लिहून नेले होते. त्यांनी सगळ्यांची उत्तरं दिली आणि शेवटी मी न विचारलेल्या प्रश्नाचंही दिलं. आवाजाची नस या गाठीला अगदी लागून जाते. आम्ही ती जपतोच. बहुतेकांना काही होत नाही. एखाद्याचा आवाज बसतो, तो बहुधा परत येतो. अगदी क्वचित येत नाही.

"आप टीचर हैं न, इसलिए पहले से बता रही हूँ," त्या म्हणाल्या.

बाहेर नवरा स्कूटरपाशी उभा होता. "काय म्हणाल्या?"

"काढायची म्हणाल्या. घाई नाही म्हणाल्या."

यातलं दुसरं वाक्य माझं होतं.

मी याद्या करणारी बाई आहे. किराणा, परीक्षेचे पेपर, कोणाकडे आहेर काय दिला, हिवाळ्याच्या रजया कोणत्या ट्रंकेत, सगळं कागदावर असतं आणि कागद फ्रीजच्या दारावर. त्या उन्हाळ्यात फ्रीजचा मूळ रंग दिसेनासा झाला. गॅसचं सिलिंडर कसं मागवायचं. सासूबाईंच्या गोळ्या, सकाळच्या आणि रात्रीच्या. नळाला पाणी कधी येतं. कामवाल्या बाईंची सुट्टी. डोशाचं पीठ कसं भिजवायचं, हेसुद्धा. नवऱ्याने एकदा चष्मा लावून सगळं वाचलं आणि विचारलं, "तू ऑपरेशनला चाललीस की मंगळावर?"

चालले मी कुठेच नव्हते. उन्हाळ्याच्या सुट्टीत लग्न आलं. मग शाळा उघडली. मग नवीन वर्गाचा पाया कच्चा निघाला. मग सहामाही जवळ आली. व्यवस्थित माणसाला पुढे ढकलण्याची कारणंही व्यवस्थित सापडतात, आणि प्रत्येक कारण खरं असतं.

घरात आम्ही तिघं. सासूबाई मूळच्या नागपूरच्या. सासरे सरकारी नोकरीत होते, त्यांच्याबरोबर भोपाळला आल्या आणि मग इथल्याच झाल्या. वय ऐंशीच्या पुढे. रोज सकाळी तासभर पूजा. देवांना त्या न्हाऊमाखू घालतात आणि शेजारणीशी बोलावं तशा त्यांच्याशी बोलतात. भाजी महाग झालेली त्यांच्या देवांना माझ्याआधी कळते. नवरा इंजिनियर, सरकारी कारखान्यात. देवाशी त्याचं भांडण नाही आणि फारशी ओळखही नाही. बाहेर पडताना नमस्कार करतो, बूट घातलेले असले तर दारातूनच.

तर श्रावणातला सोमवार. पाऊस नव्हता, स्वच्छ ऊन पडलं होतं. नवरा फिरायला गेला होता आणि मी साबुदाण्याची खिचडी परतत होते. देवघरातून सासूबाईंची हाक आली.

"अगं ए! देव कुठे आहेत?"

"असतील तिथेच, आई. जातील कुठे?"

"तेच विचारते आहे ना. गेले कुठे?"

मी गॅस बारीक करून गेले. देव्हारा रिकामा. गणपती, अन्नपूर्णा, बाळकृष्ण, शंकराची पिंड, कोणीच नाही. फक्त भिंतीवरच्या तसबिरी जागच्या जागी. ताम्हण होतं, निरांजन होतं, नैवेद्याची चांदीची वाटी होती.

"चोरी झाली," सासूबाई म्हणाल्या आणि पाटावरच बसल्या.

मी दारं पाहिली, खिडक्या पाहिल्या. कड्या जिथल्या तिथे. "आई, चांदीची वाटी सोडून पितळेची अन्नपूर्णा कोण नेईल?"

"भाविक चोर असेल."

इतक्यात बाहेरून शेजारणीचा आवाज आला. तिच्या अंगणाची भिंत आणि आमच्या घराची भिंत एकच. "भाभीजी! आपकी टंकी बह रही है! मेरी सारी चादरें भीग गईं!"

दोन संकटं एकदम आली की मी आधी पाण्याचं बघते. खालचा वॉल्व्ह बंद केला आणि गच्चीवर गेले. आमच्याकडे नळाचं पाणी सकाळी सरळ टाकीत चढतं. टाकी भरली की आतला तरंगता गोळा वर येतो आणि पाणी आपोआप बंद होतं. ही व्यवस्था नवऱ्याने स्वतः बसवली आहे आणि पाहुण्यांना दाखवली आहे. आज ती बंद का पडली म्हणून मी झाकण उचललं आणि कोपरापर्यंत हात घातला.

गोळ्याच्या दांडीला तारेने काहीतरी बांधलेलं होतं. ओढून वर काढलं. कांदे येतात ती लाल जाळीची पिशवी. आत आमचे चारही देव. गणपतीची सोंड जाळीतून बाहेर आलेली.

मी ठिबकती पिशवी घेऊन जिना उतरले. खाली सासूबाई उभ्या होत्या आणि त्यांच्या शेजारी खांद्यावर ओली चादर टाकून शेजारीण.

"मिल गए, माताजी," मी सवयीने शेजारणीच्या भाषेत बोलून गेले.

"कौन मिल गए?" शेजारीण.

"भगवान."

"टंकी में?"

"टंकी में."

तिने पिशवीकडे पाहिलं, चादरीकडे पाहिलं, आणि हात जोडले. "फिर तो चादरें भी पवित्र हो गईं। रहने दो, मैं यूँ ही सुखा लूँगी।" आणि ती पुढचं ऐकायला आमच्याच दारात उभी राहिली.

तेवढ्यात नवरा आला. सोमवारचा उपास तो करत नाही, त्यामुळे हातात पोहे-जलेबीचा पुडा. त्याने टेबलावरची लाल पिशवी पाहिली, जमिनीवरचं पाणी पाहिलं, आणि पहिला प्रश्न विचारला, "टाकी वाहिली?"

"वाहिली," मी म्हटलं.

"वजन," तो स्वतःशीच म्हणाला. "वजनाचा विचारच केला नाही मी. दांडी खाली राहिली असणार."

"म्हणजे तू ठेवलेस?" सासूबाईंनी विचारलं. "देव पाण्यात ठेवलेस?"

संकट टळेपर्यंत देव पाण्यात बुडवून ठेवायचे, ही रीत मला ऐकून माहीत होती. आमच्या माहेरी कोणी करत नसे. आणि हा मनुष्य, जो घरात ग्रहणाच्या दिवशी मुद्दाम चहा करून पितो, तो ही रीत पाळेल असं मला स्वप्नातही वाटलं नसतं.

"आजी ठेवायची ना," तो म्हणाला.

"ती घंगाळात ठेवायची. टाकीत नाही."

"घंगाळ घेतलं असतं तर हिला कळलं असतं. बादली घेतली असती तरी कळलं असतं. आई, या घरात चमचा इकडचा तिकडे झाला तर चौकशी होते. लपवून ठेवण्यासारखं पाणी फक्त टाकीत आहे."

हे खरं होतं.

"आणि कांद्याच्या पिशवीत?" सासूबाईंचा आवाज चढला. "श्रावणात?"

"धुऊन घेतली होती, आई. सगळीकडून पाणी लागायला पाहिजे म्हणून जाळीची."

आधी सासूबाई हसल्या. मग मी. दारातल्या शेजारणीला मराठी अर्धंच कळतं, तीही हसली. नवरा मात्र हसला नाही. पुडा टेबलावर ठेवून तो माझ्याकडे बघून म्हणाला, "तू रोज फ्रीजवर एक नवीन कागद लावतेस. मी दूध काढायला जातो आणि वाचतो. तू नसलीस तर गॅसचं काय, आईच्या गोळ्यांचं काय. मग दूध प्यावंसं वाटत नाही. तुला विचारलं तर म्हणतेस, घाई नाही. मग मी कोणाला विचारू?"

भीती माझी एकटीची आहे, असं मी धरून चालले होते. ती फ्रीजच्या दारावर लावून मी घरभर वाटत होते, हे मला तेव्हा कळलं.

शेजारीण हळूच निघून गेली. सासूबाईंनी जुन्या मऊ लुगड्याचा तुकडा आणला आणि एकेक देव पुसायला बसल्या.

"काहून रे," त्या मुलाला म्हणाल्या, "याला पाण्यात कोंडून काय कबूल करून घ्यायचं होतं तुला? पोलीस चौकी आहे का ही?"

"आजी करायची म्हणून..."

"करायची. तुझ्या बाबांच्या शेवटच्या आजारपणात देव घंगाळातच होते. सासूपुढे मला बोलता आलं नाही. बाबा गेले. त्या दिवशी मला देवापुढे बसून रडायचं होतं, तर देव्हारा रिकामा. भिंतीकडे तोंड करून रडले मी." त्यांनी बाळकृष्णाच्या मानेमागचं पाणी टिपलं. "तेव्हापासून ठरवलं. भरवसा आहे ना, मग त्याला घरात बसवायचं, जेवू घालायचं आणि काय अडचण आहे ती सांगायची. पुढचं तो बघेल."

"आणि त्याने नाही ऐकलं तर?"

"तरी समोर तर असेल."

मग मोर्चा माझ्याकडे वळला. "आणि तू गं? ऑपरेशन कधी?"

"दिवाळीनंतर बघू म्हणतेय."

"उन्हाळ्यात करणार होतीस."

"तेव्हा लग्न होतं, आई."

"कोणाचं?"

"तुमच्या भाचीच्या नणंदेचं."

"तिला मी ओळखत नाही," सासूबाई म्हणाल्या. "भीती वाटते का?"

"तसं नाही, सहामाहीचे पेपर..."

"पेपर नाही विचारले."

"वाटते," मी म्हटलं.

गाठ लागल्यापासून हा शब्द मी पहिल्यांदा उच्चारत होते. तो बाहेर पडल्यावर बाकीचं आपोआप आलं. "आवाज गेला तर मी काय करू, आई? मला दुसरं काही येत नाही. वर्गात मी फळ्यावर नुसते आकडे लिहीत उभी राहू?"

"मला कशाला सांगतेस? मी काय करणार त्यात?" त्यांनी ओलसर, गार गणपती माझ्या तळहातावर ठेवला. "याला सांग."

माझी पूजा म्हणजे फूल, हळदकुंकू, नमस्कार, झालं. देवाशी बोलायची मला सवय नाही. तरी बसले. मनातल्या मनात म्हणणार होते, पण मला मनातल्या मनात काही जमत नाही, त्यामुळे सगळ्या घराने ऐकलं. मी कामं वाटून टाकली. गाठ काढायचं काम सर्जनबाईंचं. पथ्य पाळायचं माझं. आवाजाचं ना माझ्या हातात, ना पूर्णपणे त्यांच्या, तेव्हा ते तुझं. राहिला तर शिकवीन, गेला तर काय करायचं ते तू सुचव. भीती वाटतेच आहे, तीही ऐकून ठेव. एवढंच.

फार शांत वगैरे वाटलं असं नाही. स्नेहसंमेलनात एखादं काम भरवशाच्या माणसाकडे सोपवल्यावर वाटतं तसं वाटलं. म्हणजे काम झालेलं नसतं, पण आता त्यामागे आपण एकट्याने धावायचं नसतं. मी उठले आणि पोहे गार व्हायच्या आत हॉस्पिटलला फोन करून पुढच्या आठवड्याची तारीख घेतली. मग फ्रीजवरचे कागद काढले. गोळ्यांचा तेवढा ठेवला, कारण गोळ्या गोळ्या आहेत.

ऑपरेशनच्या दिवशी भीती बरोबर आलीच. मला वाटलं होतं, एकदा सोपवलं म्हणजे ती घरी राहील. पण ती माझ्याबरोबर ट्रॉलीवरही चढली. नवरा बाजूने चालत होता. त्याला धीराचं काही बोलायचं होतं, आणि शेवटी तो म्हणाला, "टाकीचं झाकण नीट बसवलंय मी." मी म्हटलं, बरं केलंत. आत भूल देणाऱ्या डॉक्टरांनी गप्पा मारायच्या म्हणून विचारलं, काय शिकवता. मी म्हटलं, गणित. ते म्हणाले, "अरे बाप रे, मुझे तो गणित से बहुत डर लगता था।" डरने की क्या बात है, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात झोप लागली.

जाग आली तेव्हा गळ्याला पट्टी होती आणि आवाज नव्हता. हवा येत होती, शब्द नव्हते. सर्जनबाईंनी संध्याकाळी खुर्ची ओढून सांगितलं की नस शाबूत आहे, पण दमली आहे. "हफ़्ते लगेंगे, शायद महीने। पूरी लौटेगी या नहीं, यह आज नहीं कह सकती।" गाठीचा रिपोर्ट पुढे चांगला आला. त्या आनंदातही मला ओरडता आलं नाही.

कुजबुजणंही घशाला वाईट, म्हणून घरी माझ्या उशाशी पूजेची घंटा ठेवली गेली. एकदा वाजवली की नवरा, दोनदा की सासूबाई. पहिल्या दिवशी सासूबाई प्रत्येक वेळी आधी देवघराकडे वळून हात जोडायच्या आणि मग माझ्याकडे यायच्या. "सवय आहे बाई," म्हणायच्या. शेजारीण खिचडी घेऊन आली आणि खरं ते बोलली, "भाभीजी, गली में मन नहीं लग रहा। कोई डाँटता ही नहीं।" अंथरुणावर पडून मी पहिल्यांदाच मालगाडी पहिल्या डब्यापासून शेवटच्या डब्यापर्यंत ऐकली. बरीच लांब असते.

रोज सकाळी आरशासमोर "आ" म्हणायचं. रोज हवा. पहिल्या आठवड्यानंतर आरशासमोर जायचीच भीती वाटू लागली. एका सकाळी न्हाणीघरातून निघताना माझं लक्ष देव्हाऱ्याकडे गेलं आणि मग भरलेल्या बादलीकडे. क्षणभर मनात आलं, हे खरं आहे. जी बाई नवऱ्याला हसली होती, तीच बाई. मग मी बादलीतलं पाणी तुळशीला घातलं आणि देवांसमोर जाऊन बसले. आवाज नव्हता, त्यामुळे या वेळी मनातल्या मनात सांगावं लागलं. जमलं. रोज तेच सांगायचे. आज पण नाही आला. आज पण भीती वाटतेय. आज पण तुझ्याकडेच आहे. कोणाला एकच गोष्ट इतक्या वेळा सांगितली असती तर तो वैतागला असता.

दसऱ्याच्या सुमारास "आ" आला. माझा नव्हता. जाड, खरबरीत, मध्येच फाटणारा, पण आवाज होता. सासूबाईंनी ऐकला आणि म्हणाल्या, "कोण आलंय?"

माझी शाळेतली रजा संपत आली होती. नवरा म्हणाला, "रजा वाढव ना. आवाज पूर्ण येऊ दे."

"आणि नाही आला तर?" मी खरखरले. "तर काय निवृत्तीपर्यंत रजा घ्यायची?"

त्याने स्कूटर बाहेर काढली. सासूबाईंनी हातावर दही-साखर ठेवली आणि एवढंच म्हणाल्या, "जा. मी इथे त्याच्याशी बोलत बसते."

दहावीचा वर्ग उभा राहिला आणि एका सुरात "गुड मॉर्निंग मैम" झालं. मला "बैठो" म्हणायचं होतं. साधा शब्द. दारापासून टेबलापर्यंत भीती पुन्हा सगळीच्या सगळी परत आली होती. आवाज फाटेल, मुली हसतील, उद्यापासून कोणी ऐकणार नाही. मी डस्टर खाली ठेवला. मनात म्हटलं, हे तुझं काम आहे, मी आता तोंड उघडते आहे. आणि उघडलं.

जे बाहेर आलं ते ऐकून पुढच्या बाकावरची एक मुलगी फिस्सकन हसली आणि तिने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. तिचे डोळे पाहून मलाही हसू आलं. माझं हसणं तर बोलण्याहून भयंकर निघालं, त्यामुळे मग सगळा वर्गच हसला. हसून झाल्यावर मी फळ्याकडे वळून धड्याचं नाव सांगितलं.

"मैम," मागून कोणीतरी म्हणालं, "यहाँ तक नहीं आ रहा।"

इतक्या वर्षांत मला हे कोणी म्हटलं नव्हतं. सगळं फळ्यावर लिहून काढावं का, असा विचार करत मी खडू उचलला, तोवर मागे खरखर सुरू झाली. शेवटच्या रांगेतल्या मुलींनी बाक उचलून पुढे आणलं. मग त्यांच्या पुढच्या रांगेने. दप्तरं, डबे, पाण्याच्या बाटल्या, सगळं हातोहात पुढे सरकायला लागलं. गोंधळ ऐकून हिंदीच्या बाई दारात आल्या. "यह क्या हो रहा है?"

"मैम की आवाज़ छोटी हो गई है," एक मुलगी बाक ओढता ओढता म्हणाली, "तो हम पास आ रहे हैं।"

वर्गाची मागची अर्धी बाजू रिकामी झाली आणि पुढच्या अर्ध्यात सगळ्या दाटीवाटीने बसल्या. पहिली रांग इतकी जवळ की माझी साडी बाकाला घासत होती. कोणी कुजबुजत नव्हतं, कारण कुजबुज आता माझ्यापर्यंत पोहोचली असती.

त्या दिवशी वर्तुळाची स्पर्शिका शिकवायची होती. शिकवली.